हसण्याआधीचं वाक्य

धाकटीनं सिनेमा सातव्यांदा त्याच जागी थांबवला आणि कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले.

पडद्यावर नायिकेचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. तिच्या मागं सायकलदुरुस्तीचं दुकान, छताला टांगलेले टायर, खाली पंक्चर शोधायचा पाण्यानं भरलेला पत्र्याचा टब. पुढच्या तीन सेकंदांत काय होतं ते धाकटीनं आता झोपेतसुद्धा सांगितलं असतं. नायिकेच्या बापानं नुकतंच विचारलेलं असतं, ‘मग पोरी, दुकानाला कुलूप लावायचं ना? सासरी जायचं ना?’ नायिका एक वाक्य बोलते. आणि झाडून सगळं घर पोट धरून हसायला लागतं. आजीची कवळी निसटते. नायकाचा बाप डोळे पांढरे करून मागच्या मागं टबात बसतो.

०१:५२:०७
जशी तुमची मर्जी, बाबा.

०१:५२:१०
[सगळे हसतात]

का हसतात?

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सिनेमाच्या तळाशी ओळी लिहिणं हे तिचं काम. नुसते संवाद नाहीत. दार कुरकुरलं, भांडं पडलं, कुणी मागच्या खोलीत हुंदका दिला, तेही कंसात लिहायचं. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत बेचाळीस अक्षरं, वर एक वेलांटी जास्त नाही. सोळा वर्षांत हात असा बसला होता, की घरात कुणी लांबण लावली तरी मनातल्या मनात तिची कात्री चालायला लागायची.

तिच्या ओळी तपासणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात सगळे पाठीमागं मोजपट्टी म्हणत. मोजपट्टींनी हा सिनेमा तीन वेळा परत पाठवला होता. शेरा एकच: मुलगी बापाचं ऐकते, यात हसण्यासारखं काय? कारण कळत नाही. तपासा.

ती त्यांच्या टेबलाशी गेली.

‘अहो, सिनेमाच बावळट आहे. कारण कुठून आणू?’

‘बावळट असू दे. बावळटपणालाही क्रम असतो. आधी केळ्याचं साल, मग माणूस पडतो. इथं माणूस पडतोय, साल कुठाय?’

‘मी ठेवू का एखादं?’

‘सोमवारपर्यंत,’ मोजपट्टी म्हणाले, आणि पुन्हा दुसऱ्या कुणाची अक्षरं मोजायला लागले.

*

सिनेमाचं नाव ‘पंक्चर नंबर सात’. चाळीस वर्षांपूर्वीचा. श्रीमंत घरचा मुलगा सायकल दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिला भेटायला मिळावं म्हणून दर आठवड्याला स्वतःच स्वतःच्या चाकाला टाचणी टोचतो. सातव्या पंक्चरला ती ओळखते. मध्ये गाणी, दोन हरवलेल्या पिशव्या, एक खोटी मिशी, आणि कपाटात लपलेला मामा. समीक्षकांनी तेव्हाच त्याची पार धूळधाण उडवली होती.

धाकटीच्या आईनं तो अकरा वेळा पाहिला होता.

हा घरातला जुना विनोद. वडील जिवंत होते तोवर पाहुण्यांसमोर सांगायचे, ‘आमच्या बायकोला त्या नायकानं वेडं केलंय. गिरणीतल्या बायकांची टोळी घेऊन जायची. मी म्हटलं, अगं, मीही स्वतःला पंक्चर करून घेऊ का?’ पाहुणे हसायचे. आई चहा ओतत राहायची.

त्या आईला आता ऐकू येत नव्हतं. बावीस वर्षं कापड गिरणीत, मागांच्या खडखडाटात काढली. कान एकदम नाही, हप्त्या-हप्त्यानं गेले. यंत्र लावून पाहिलं, त्यात नुसती घरघर. गेल्या सहा वर्षांत टीव्ही बंद, फोन बंद. उरली एक वही. घरात जे काही आईला सांगायचं ते त्या वहीत लिहून दाखवायचं, आणि लिहायचं धाकटीनं. अक्षर चांगलं, आणि थोडक्यात मांडायची सवय.

मागच्या महिन्यात एकट्या राहणाऱ्या आईकडून नळ उघडा राहिला आणि खालच्यांच्या बिछान्यापर्यंत पाणी गेलं. त्या दिवसापासून दादानं हे प्रकरण हातात घेतलं होतं. दर रविवारी धाकटी आईकडे जेवायला जायची, तेव्हा तोही यायचा, दारातूनच ‘आई, कशी आहेस!’ असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढं ओरडायचा, आणि मग जेवताना तिच्या समोर बसून तिच्याबद्दल बोलायचा. साध्या आवाजात. तिथं कुणाला ऐकू जाणार होतं?

दादा बोलला: महिनाअखेरीस हिला माझ्याकडे हलवतो. परत आणायचा प्रश्नच नाही. घर रिकामं झालं की मग बघू. तिला आत्ता सांगू नकोस, उगीच कांगावा करेल.

धाकटीनं वहीत लिहिलं: दादाच्या ऑफिसात फार काम आहे.

दादा बोलला: हिला एकटीला किती दिवस ठेवायचं? उद्या काही झालं तर लोक आपल्याच तोंडात शेण घालतील.

धाकटीनं वहीत लिहिलं: भाजी छान झालीय म्हणतो.

आई वही वाचायची, मान डोलवायची, आणि दादाच्या ताटात आणखी वाढायची.

धाकटीला ते पटत नसे. पण ती मूग गिळून बसे. दादा मोठा, दादाचं घर मोठं, दादाचं म्हणणं चुकीचं तरी कसं म्हणायचं? आणि आईला हे घर सोडायचं आहे का, हे वहीत विचारायला एकच ओळ लागली असती, ती काही तिच्या हातून लिहिली गेली नाही.

*

गुरुवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आईकडे गेली. कारण साधं होतं. जिनं अकरा वेळा पाहिलाय, तिला विचारावं.

वहीत लिहिलं: तुझा सिनेमा. ओळी मी लिहिल्यात. बघतेस?

आईनं वाचलं, भुवया वर केल्या, आणि शिवणाचं काम बाजूला सारून खुर्ची पुढं ओढली. ‘तो मिशीवाला अजून आहे का?’ तिचा आवाज हल्ली एका पट्टीत यायचा, चढ नाही, उतार नाही.

धाकटीनं आवाज पूर्ण बंद केला. आईला दिसतं तसंच बघायचं.

दोघी बघत राहिल्या. पहिलं पंक्चर, दुसरं पंक्चर. खोटी मिशी सूपमध्ये पडली तेव्हा आई एवढी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मामा कपाटात शिंकला तेव्हा तर तिनं धाकटीच्या मांडीवर चापट मारली. सहा वर्षांत ही बाई अशी हसलेली धाकटीनं पाहिली नव्हती. तिला वाटलं, कारण नसलं तरी चालेल, मोजपट्टी गेले उडत.

मग शेवट आला. बाप बोलला. नायिकेनं तोंड उघडलं. खाली ओळ आली.

जशी तुमची मर्जी, बाबा.

‘हे काय लिहिलंस?’ आई म्हणाली.

धाकटीनं वहीसाठी हात पुढं केला. आईनं वही उचलून मागं टाकली, पलंगावर.

‘तोंडानं सांग. हे कुठून आणलंस?’

‘ती तसंच म्हणते आई,’ धाकटी बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आईला ऐकू कसं—

‘आवाज म्हणत असेल. ती म्हणत नाही.’

धाकटी आईकडे बघत राहिली.

‘मागं घे ते,’ आई म्हणाली. ‘घे की.’

धाकटीनं मागं घेतलं.

‘आता तू म्हण. बाबा.’

‘आई, तुला—’

‘म्हण आधी.’ आईनं आपलं बोट धाकटीच्या ओठांवर ठेवलं. शिवणकामानं खरखरीत झालेलं बोट.

‘बाबा.’

‘मिटले ना ओठ? दोनदा मिटले. मर्जी म्हण. तुमची म्हण. दर वेळी मिटतात. आता हिचं बघ.’

नायिका बोलली. दात दिसले, जीभ वर टाळूला लागली, तोंड रुंद झालं. धाकटीनं चित्र एक-एक करून पुढं सरकवलं. ओठांना ओठ एकदाही लागला नाही.

सोळा वर्षं ती सिनेमे ऐकत होती. बघितले नव्हते.

‘मग काय म्हणते ती?’ हे ती आवाजच न काढता, नुसत्या ओठांनी बोलली.

आई खुर्चीत सरसावली, हनुवटी नायिकेसारखी वर केली, आणि त्या एका पट्टीतल्या आवाजात म्हणाली, ‘नाही. त्यालाच इकडे आणा.’

पडद्यावर आजीची कवळी निसटली. नायकाचा बाप डोळे पांढरे करून टबात बसला. आता त्याचं बसणं अगदी रास्त होतं. मुलगा घरजावई होणार म्हटल्यावर कुठला शेठ उभा राहील?

‘शूटिंग झालं असणार असंच,’ आई म्हणाली. ‘मग कुणीतरी घाबरलं असेल. आवाज नंतर दुसऱ्याच बाईचा भरला. पण हसणाऱ्या सगळ्यांना पुन्हा बोलावणं जिवावर आलं असेल, ते राहिलं तसंच.’

‘तुला कधी कळलं?’

‘पहिल्याच दिवशी. आम्ही नऊ जणी होतो, सगळ्या मागाच्या खात्यातल्या. तिथं शेजारणीनं कानात तोंड घालून बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. आम्ही चार-चार माग ओलांडून तोंडाकडे बघून बोलायचो. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या नवऱ्यानं हात उचलला, मुकादम कुठल्या रांगेत शिरलाय. सगळं. तर थिएटरात ती हे वाक्य बोलली आणि आमची अख्खी रांग शिट्ट्या मारायला लागली. बाकीचे वळून बघतायत, या बायांना काय झालं? त्यांना कानांनी ऐकू येत होतं ना, बिचाऱ्यांना.’

आई पुन्हा हसली. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाली, ‘म्हणून अकरा वेळा. नायकाकडे कोण बघतंय? मेला सारखा पंपाला धडकायचा.’

‘बाबांना कधी सांगितलं नाहीस?’

‘त्यांना त्यांचा विनोद आवडायचा.’

धाकटीची नजर पलंगावरच्या वहीकडे गेली. आईनं ती नजर पकडली. आई कायम खिडकीकडे पाठ करून का बसते, समोरच्याच्या तोंडावर उजेड का पडू देते, हे विचारायची आता गरज नव्हती.

‘म्हणजे जेवताना दादा आणि मी...’

‘परत आणायचा प्रश्नच नाही,’ आई म्हणाली. ‘तिला आत्ता सांगू नकोस, उगीच कांगावा करेल.’ एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. ‘आणि तू लिहिलंस, ऑफिसात फार काम आहे.’

‘आई, का बोलली नाहीस मग?’

‘मला बघायचं होतं तू किती गाळतेस.’

धाकटीनं खाली मान घातली. आईनं तिची हनुवटी धरून वर केली. मायेनं नव्हे, तोंड दिसावं म्हणून.

‘खाली बघून बोलू नकोस, मला कळत नाही.’

‘तुला जायचंय का त्याच्याकडे?’ धाकटीनं विचारलं. एकच ओळ, सतरा अक्षरं सुद्धा नसतील.

‘नाही.’

‘नळाचं काय?’

‘नळाला त्या दिवशी पाणीच नव्हतं, मी उघडा ठेवून बाजारात गेले. कान शाबूत असते तरी बाजारातून ऐकू आलं असतं का? तुझ्या दादाकडून तर गॅसवर दूध उतू जातं दर आठवड्याला. त्याला कुठं हलवलं कुणी?’

जाताना धाकटीनं दारात विचारलं, दादाला फोन करून सांगू का?

‘काही सांगायचं नाही,’ आई म्हणाली. ‘रविवारी येऊ दे त्याला.’

*

०१:५२:०७
[आवाज] जशी तुमची मर्जी, बाबा.
[ओठ] नाही. त्यालाच इकडे आणा.

मोजपट्टींनी शुक्रवारी सकाळी तिला बोलावलं.

‘हे ओठ काय प्रकरण आहे? नियमात आवाज आहे, संगीत आहे, कुत्रा भुंकणं आहे. ओठ नाही.’

‘नियम ऐकू येणाऱ्यांनी केलेत.’

‘आपण ऐकू येतं ते लिहितो, बाई.’

‘कुणासाठी? ज्याला ऐकू येत नाही त्याला तिचे ओठ दिसतात. ती नाही म्हणते आणि आपण खाली लिहितो, हो म्हणाली. तो काय समजेल? आपण खोटारडे आहोत असंच ना?’

‘पुरावा?’

‘माझी आई.’

‘आई म्हणजे पुरावा?’ मोजपट्टींनी पेन्सिल ठेवली. ‘मी ही ओळ काढतोय.’

‘काढा. मग शेवटी माझं नाव येतं तेही काढा. आणि सगळे हसतात, याचं कारण तुम्ही लिहा. बेचाळीस अक्षरांत.’

सोळा वर्षांत तिनं या माणसाला एवढं उलटून उत्तर दिलं नव्हतं. कुणालाच दिलं नव्हतं.

मोजपट्टींनी आवाजाचं बटण खाली ओढलं आणि तो तुकडा लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना ते खुर्चीत पुढं वाकले, आणि नकळत त्यांचे स्वतःचे ओठ हलायला लागले. बाबा. बाबा. मर्जी. मग पडद्यावर शेठ टबात बसला, आणि मोजपट्टींच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ऑफिसातल्या कुणी तो आधी ऐकला नव्हता. चौघांनी माना वळवल्या.

‘आज मिळालं साल,’ ते म्हणाले, आणि रुमालानं डोळे टिपले. ‘वरून विचारतील मला.’

‘विचारू देत.’

‘दोन ओळी आहेत ना? अक्षरं बसतात?’

‘बसतात.’

‘मग जाऊ दे तशीच,’ मोजपट्टी म्हणाले, आणि तिनं उठायच्या आत पुन्हा एकदा तुकडा लावला.

*

रविवारी दादा आला तो एक मोठी रिकामी बॅग घेऊन.

‘आई, कशी आहेस!’ जिना दुमदुमला.

‘बरी आहे,’ आई म्हणाली.

जेवणं झाली. दादानं बडीशेप तोंडात टाकली आणि नेहमीच्या साध्या आवाजात धाकटीला म्हणाला, ‘हे बघ, शनिवारी सकाळी गाडी सांगितलीय. बॅग आजच ठेवून जातो. आत्ता तिला एवढंच लिही, चार दिवस हवापालट. तिकडे रुळली की हळूहळू सांगू.’

धाकटीनं वही हातात घेतली. पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

‘मी नाही लिहिणार.’

‘म्हणजे?’

‘चार दिवस नाहीयेत ते. तू आत्ता जे म्हणालास ते लांब आहे. मला गाळायचं नाहीये.’

‘अगं, तिला काय कळणार आहे? कशाला ताणतेस? तुझ्या वहिनीनं खोली लावून ठेवलीय तिकडे, पडदे बदललेत. मी काय तिला रस्त्यावर सोडतोय?’

‘नाही सोडत. पण विचारलंही नाहीस. मीही नाही विचारलं.’ तिचा आवाज चढला, आणि तिनं तो चढू दिला. ‘मी महिनाभर या वहीत खोटं लिहीत बसले. तुला सांगायचंय ना काहीतरी? तू सांग. तिच्याकडे बघून सांग.’

‘ओरडून घसा फोडू?’

‘नुसतं बघून सांग.’

दादानं हात झटकले. मग त्याला जाणवलं असावं की आई उठली आहे. तिनं समोरचं पाण्याचं भांडं, बडीशेपेची डबी, एक-एक वस्तू बाजूला केली, जशी कुणी कापड पसरायच्या आधी टेबल मोकळं करतं. रिकामी बॅग तिनं खुर्चीवरून उचलली, दाराशी नेऊन ठेवली. मग तीच खुर्ची ओढून ती दादाच्या बरोबर समोर बसली. इतकी जवळ, की दोघांचे गुडघे लागले. लहानपणी तो खोटं बोलायला लागला की ती अशीच बसायची. पण तेव्हा तिची नजर त्याच्या डोळ्यांवर असायची. आता ती थोडी खाली होती.

दादानं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं वही मिटून बाजूला ठेवली.

‘आई,’ त्यानं सुरुवात केली, सवयीनं छाती भरून, शेजारपाजारच्यांना जागं करेल असा आवाज लावून.

आईनं हात वर करून त्याला थांबवलं.

‘हळू बोललास तरी चालेल,’ ती म्हणाली.